जोड

माझगावच्या बोळात रात्री सव्वादोनला खड्डा उघडा.
उपटलेली लोखंडी नळी कडेला,
तिच्या गंजावर कुणीतरी चहाचे ग्लास ठेवलेत.

कसारेमामांना वास येत नाही.
साथीच्या तापात गेला तो गेलाच.
तीस वर्षं ज्या नाकाचा पगार घेतला
ते आता, मामाच म्हणतात, चष्मा टेकायला बरं.
"आणि गॅसला मुळात वास कुठे असतो, यामिनी?
आपणच घालतो. लोकांनी घाबरावं म्हणून."

पिवळ्या नळीची दोन तोंडं तापवून
एकमेकांत दाबली. आता थांबायचं.
घड्याळ लावून, हात न लावता.
घाई केली तर जोड वरून शहाणा दिसतो,
आत कच्चा.

दुसऱ्या मजल्यावरून फर्नांडिसबाई:
"किती वेळ? बाळाचं दूध तापवायचंय!"
मी मिनिटं मोजायला लागते.
मामा म्हणतात, "पहाटे सांग. खरं तेवढंच."

मार्करने जोडावर लिहिते: या. त., २.४०.
यावर माती पडेल, खडी, डांबर,
कुणाची तरी स्कूटर उभी राहील.
हे अक्षर पुन्हा कुणाला वाचावं लागू नये.

यंत्र शून्य दाखवतं.
तरी मामा बादलीत साबण खळबळवतात,
गुडघे टेकून ब्रश फिरवतात,
बॅटरीच्या उजेडात बघत बसतात.
एकही बुडबुडा नाही.

पाचला, खोलीखोलीतले कॉक तपासून झाल्यावर,
वरच्या खिडकीत निळं काहीतरी हललं.
मामांनी सवयीनं नाक वर केलं.
"काय येतंय गं?"
"दूध. उतू गेलंय."
"जाऊ दे," म्हणाले,
आणि फावडं उचललं.