तरवडाला किती गुण

मार्डीच्या पुढं डांबर संपतं, तिथं उतरलो.
प्लॉट क्रमांक सतरा. दहा बाय दहा मीटर,
चार खुंट्या, एक निळी दोरी,
आणि रेवणसिद्धच्या हातातला जीपीएस,
जो सकाळपासून आम्हाला तलावात उभे दाखवतोय.

दिवाळी होऊन गेलेली. तरवड ऐन फुलात.
छातीएवढी झुडपं, एकमेकांत घुसलेली,
इतका पिवळा की हातातला फॉर्मही
हळद लागल्यासारखा दिसू लागला.
मी मोजत गेले.
बुंधा तीन बोटांहून जाड: एकोणीस.
पेनाएवढी कोवळी: चाळीस, एक्केचाळीस...
इथं मुंगळा चावला. पुन्हा पहिल्यापासून.
देशी झुडूप, आहे. नवी रोपं, भरपूर.
बाहेरून आलेलं तण, नाही म्हणण्याइतकं.
अवस्थेपुढं पाचपैकी चार लिहिले
आणि चाराला खाली बारीकशी शेपूट काढली,
खूश असले की काढते तशी.

तुळजारामकाका दगडावर बसून बघत होते.
त्यांच्या घरानं तीन पिढ्या कातडी कमावली
याच सालीच्या पाण्यात.
अजूनही ते नखानं साल खरवडून जिभेवर ठेवतात,
तुरट किती यावरून झाडाचं वय सांगतात,
आणि ते चुकले असं सिद्ध करायला
आजवर कुणाला सवड झालेली नाही.

"किती दिलं?"
"चार."
त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं.
आत तरवडाच्याच वाळल्या फुलांचा चहा,
बिनसाखरेचा, कारण साखरेवरच घेतात तो.
"बाई, शेळी ह्याला तोंड लावत न्हाई.
ज्याला लावती त्ये समदं गेलं,
म्हनून ह्यो माजला.
ताटात नुसतं मीठ उरलं
तर जेवान वाढलंय म्हनायचं का?"

मी वाकले.
फुलांच्या खाली पहिल्यांदाच पाहिलं.
माती उघडी. मुरमाचे दात बाहेर.
पवन्या नाही, मारवेल नाही,
कुसळीच्या चार काड्या, त्याही बुंध्याला चिकटून,
जणू कुणी हाक मारील या भीतीनं गप्प.
आणि लेंड्या. कालच्या, परवाच्या,
काही इतक्या जुन्या की त्यांचीच माती झालेली.
"शेळ्या कुणाच्या?" मी जरा चढ्या आवाजात.
"समद्यांच्या. माझ्या बी हायत सात."
चाराची शेपूट खोडताना कागद फाटला.
दोन लिहिले.

अठरा नंबर जुन्या मुरूम खाणीच्या पलीकडं.
तिकडं कुणी कळप नेत नाही.
पहिल्या नजरेला काहीच नाही:
करडं गवत, खुरटी बोर, एक वाकडा हिवर,
तरवड दोनच, तेही शेळपटलेले.
फोटो काढला तर नुसती धूळ काढल्यासारखा आला.
पण पाय टाकला आणि गुडघा बुडाला.
गवताच्या बुडाशी बोटभर हिवर,
एक, तीन, सात,
दोन पानांचं वय आणि अंगावर काटे तयार.
पायाजवळून चंडोल भुर्रकन उडाला,
आम्ही तिघंही दचकलो आणि तिघंही तसं नाही म्हणालो.

खाणीच्या कपारीशी विष्ठा पडलेली, वाळून पांढुरकी.
काकांनी काडीनं फोडली. केस निघाले.
ते उकिडवे बसून राहिले बराच वेळ,
केस काडीवर गुंडाळत, सोडत.
"ही माझी पांढरी," म्हणाले.
"आठ हुत्या."

त्रासाची चिन्हं या रकान्यात काय लिहू?
लांडगा लिहू, तर तो त्रास कुणाला?
पेन हवेत धरून उभी राहिले,
तोवर रेवणसिद्धनं कडक भाकरी मोडली,
आवाज खाणीत जाऊन परत आला.

"हिकडं किती?" काकांनीच विचारलं.
मी फॉर्म त्यांच्याकडं वळवला.
चार. या वेळी शेपटीवाचून.
त्यांनी वाचलं, काडी गवतात खोवली, उठले,
आणि मोज्यांतली कुसळं काढायला
मला चांगला अर्धा तास लागला.