शटल : नाम, लिंग अनिश्चित

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
कोशाचा तेरावा खंड उघडला की
आधी कसर झटकावी लागते.
पान अर्धं फाटलंय, नोंद शाबूत आहे.

हजार वर्षांपूर्वी, लिहिलंय,
हा शब्द म्हणजे बाण.
फेकायचा भाला. मासळीत रुतवायचा काटा.
मग तीनचारशे वर्षं गेली
आणि कुणा विणकराला वाटलं,
ताण्यातून असा सूं करून आरपार जाणारा
हा लाकडाचा तुकडाही बाणच की,
फक्त परत येतो.

परत येतो, म्हणून पुढे जे जे
जाऊन परत आलं त्याला हेच नाव:
दोन ठेसनांमधली गाडी,
बॅडमिंटनचं पिसांचं फूल,
टीव्हीवर पाहिलेलं ते पांढरं यान
जे आभाळाबाहेर जाऊन उतरायचं.
दोनदा उतरलं नाही.

आमच्या घरी ती शटल म्हणजे कुर्डुवाडीची गाडी.
ते शटल म्हणजे पाच रुपयांचं प्लास्टिकचं फूल.
आणि तो, धोटा.
आई विड्या वळता वळता त्याला नाडे म्हणायची,
शेजारची निंगव्वा लाळी.
धोट्याला कशाचंच सोयरसुतक नव्हतं,
तो मिनिटाला दीडशे वेळा
या भाषेतून त्या भाषेत जायचा.

नायनांचा माग अशोक चौकाच्या मागे, पत्र्याखाली.
बारा तास चादर.
कांडी संपली की नवी घालायची,
धोट्याच्या डोळ्याला ओठ लावून
दोरा आत ओढायचा.
तोंडात तंतू, जिभेवर लाल रंग.
"दिवसाला इतके मुके," नायना म्हणायचे,
"आईला हिशोब सांगू नको, बिड्डा."

एका रात्री यादगिरीच्या मागावर
पिकर तुटला का पट्टा सुटला, कुणी पाहिलं नाही.
धोटा निघाला.
समोरच्या पेटीकडे न जाता निघाला.
नायना नंतर एवढंच सांगायचे:
आवाज नेहमीचाच होता,
दुसरा ठोका आला नाही.

डावा डोळा.
मागावर मोर होता, अर्धा विणलेला.
मालकाने तेवढा तुकडा कापून
चिंध्यांच्या भावात विकला.

नायनांनी कोश पाहिला नव्हता.
सही तेलुगूत, शिव्या मराठीत, देव कन्नड.
पण त्या शब्दाचा पहिला अर्थ
त्या पत्र्याखाली सगळ्यांना पाठ होता.

मराठीतही आडव्या धाग्याला बाणा म्हणतात,
आणि त्यात बाण दिसतो.
ही व्युत्पत्ती नव्हे, नुसता योगायोग.
मी शिक्षिका आहे, वर्गात हे सांगणार नाही.
नोंदीखाली मात्र खरी भावंडं दिलीत:
शूट, सुटणं.
आणि शट, अडसर सरकवून दार लावणं.
शट मी शाळेच्या आधी शिकले,
जुन्या मिलच्या फाटकावर,
बापांच्या रांगेत उभी राहून.

अक्कलकोट रोडला आता नवी यंत्रं आलीत, शटललेस.
वाऱ्याने धागा फेकतात. धोटाच नाही.
लेस म्हणजे विना, मी नायनांना समजावलं.
ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"मग यादगिरीला सांगायला पाहिजे," म्हणाले.
यादगिरी जाऊन अकरा वर्षं झाली.

कोशात प्रत्येक अर्थाला साल असतं,
कुणी कुठे वापरला त्याचं एक वाक्य असतं.
बाण या अर्थापुढे छोटी खूण आहे:
आता वापरात नाही.

मी पेन्सिल काढली.
समासात लिहिलं, बारीक, पण वाचता येईल असं:
अशोक चौक, सोलापूर, एकोणीसशे त्र्याऐंशी, रात्रपाळी.

हत्तुरेबाई दंड लावतील.
लावू देत.
पावती मागेन.