दोन वाजून दहा मिनिटं

भिंतींना गाद्या ठोकलेल्या त्या खोलीत
मी तीन दिवस फक्त गावांची नावं उच्चारली.
बनेडिया. गौतमपुरा. सगडोदिया.
"आवाजात भीती नको, मॅडम," काचेपलीकडून यशोवर्धन,
"आणि झोपही नको."
मग आकडे, एक ते चोवीस.
मग 'तासांत'. मग 'गारा', माळवीत: गडा, गडा, गडा.
रामबागेत वाढलेली मी, घरात मराठी, ओट्यावर माळवी,
म्हणून तर मला बोलावलं.

आता माझे तुकडे कुठल्याशा यंत्रात पडून असतात.
रडारला ढग दिसला
की मालगाडीचे डबे जुळावेत तसे जुळतात.

फेब्रुवारीत एका रात्री, दोन वाजून दहा मिनिटांनी,
मी इंदुरात गाढ झोपलेली असताना
नऊशे साठ घरांत एकदम बोलले.

हे मला कळलं देपालपूरच्या बसथांब्यावर.
मी पेरूंचा भाव विचारला
आणि मागून एक बाई म्हणाली, "तूच ना ती? झोपमोडी?"

रामकुंवरबाई. आधी तिने मला शिवी दिली होती,
मग एक दाबून पुन्हा ऐकलं.
"तू अगदी तस्संच बोललीस.
माणूस दुसऱ्यांदा सांगताना थोडं तरी बदलतो.
म्हणून खरं वाटलं."

चार तास होते.
उपटून वाळत घातलेला लसूण
ट्रॅक्टरच्या दिव्यात, सून, नात, शेजारची दोन पोरं,
सगळा पत्र्याखाली. वासरू ओसरीत.
"आणि गहू?"
"गहू कुठे उचलून नेणार, बाई?"
सहाला पत्रा वाजू लागला.
उजाडल्यावर नातीने चारी बांधांवरून
आडव्या गव्हाचे फोटो विम्याला पाठवले.
पैसे यायचेत.

बस आली. तिने माझ्या पिशवीत लसणाची जुडी कोंबली
आणि पायरीवरून वळून म्हणाली,
"गावाचं नाव मात्र नीट घे. सगडोद्या म्हणतात आम्ही.
तुझं सगडोदिया ऐकून मला वाटलं,
गारा दुसऱ्याच कुणाच्यात पडणारेत.
कूस बदलून झोपणार होते."

सोमवारी मी पुन्हा त्या खोलीत.
सगडोद्या.
"जरा हळू," यशोवर्धन म्हणाला.
सगडोद्या.
बोटांना लसणाचा वास.
गव्हाने काय करावं, ते वाक्य
यादीत आहे का, मी विचारलं.
त्याने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली,
पुन्हा वरपासून.