पाव फेरा उजवीकडे

मालवणात आठ वर्षं खारं पाणी कापलेली जेट स्की
टेम्पोतून नाना पेठेत उतरली
तेव्हा गल्लीतली पोरं म्हणाली, समुद्रातली स्कूटर.
पोटात अजून वाळू होती तिच्या,
एक शिंपलाही.
शिकलगार चाचांनी फुंकर मारून तो
जेटांच्या डबीत ठेवला.

नायब सुभेदार ढमढेरे, निवृत्त,
स्टुलावर ताठ बसून म्हणाले,
चौदा हजार फूट. लडाखात एक तळं आहे,
काठावर पुतण्याचा तंबू.
फोटोच्या नादात लोक पाण्यात जातात.
गार पाण्यात माणूस किती टिकतो
ते मी पाहिलंय.
यंत्र एका खेचीत सुरू झालं पाहिजे.

चाचा सर्वांत उंच गेलेत ते सिंहगडावर,
तेही निम्म्यातून परत,
गाडी गरम झाली म्हणून.
त्यांनी वही उघडली.
तिथे काडी कशी पेटते?
आधी निळी होते, विचार करते, मग पेटते.
भात?
कुकरशिवाय नाव काढू नका.
आणि माणूस?
ढमढेऱ्यांनी चहाची बशी फिरवली.
पहिले तीन दिवस
एक बूट बांधला की बसतो,
मग दुसरा.

चाचांनी बूट लिहून घेतले.

मला म्हणाले, वैजू, सोपं आहे.
वर हवा विरळ, पेट्रोल मात्र तेवढंच येतं.
पोट भरलेल्या पाहुण्याला लाडूचा आग्रह.
इंजिन ठसकतं, प्लग काजळतो,
गाडी पाण्यावर म्हशीसारखी बसते.
कोकणातलं वाढप बंद,
आता पुणेरी वाढायचं.
हसता हसता त्यांना खोकला आला.

पानशेतला पहाटे गेलो, धरण धुक्यात.
मी हँडल धरलं, चाचा काठावर, डोळे मिटून.
त्यांना दिसत नव्हतं, ऐकू येत होतं.
परत आले की प्लग काढायचा,
ओल्या हातात धरायचा:
काळा.
पाव फेरा उजवीकडे.
पुन्हा काळा, पण कडेला तांबूस.
आणखी थोडा, केसभर.
चौथ्या फेरीला
बिनदुधाच्या कॉफीत कुणी चमचाभर दूध घालावं
तसा रंग.
चाचांनी तो पदराला पुसायला मला दिला.
पदर नव्हता, ओढणी होती, ती अजून डागलेली आहे.

पण हे झालं पानशेतचं, दोन हजार फुटांचं.
वरची सेटिंग खाली तपासता येत नाही.
इथल्या दाट हवेत ती उपाशी चालते, तापते,
पिस्टनला भोक पडतं, आवाजही न करता.
उरलेले बारा हजार फूट
मनातच चढायचे.

रात्री चाचा चढले.
मेन जेट एकशे वीसचा काढला, शंभरचा घातला.
स्क्रूपाशी बराच वेळ थांबले,
स्वतःचा श्वास मोजत.
मग एक बूट बांधल्यासारखा फेरा,
मग बसले.
मग दुसरा.

जुना जेट पिशवीत घालून हँडलला बांधला,
सोबत पुठ्ठा, तारेने घट्ट.
माझं अक्षर बरं, म्हणून मी लिहिला:
खाली उतरवण्याआधी जेट बदला, स्क्रू सैल करा.
विसरलात तर इंजिन जाईल.
ढमढेऱ्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला.
म्हणाले, मला बावीस वर्षांनी खाली पाठवलं
तेव्हा असलं काही बांधलं नव्हतं.
घरी दोन वर्षं नुसता तापलेला होतो, हिला विचारा.
चाचा काही बोलले नाहीत.
पान्हे पुसत राहिले, पुसलेलेही.

जुलैत फोन आला: एका खेचीत.
एक मुलगी काढली, नागपूरची, चप्पल गेली तिची.
एवढंच, रेंज गेली.

आता नोव्हेंबर उलटला.
तळं गोठलं असेल.
यंत्र ट्रकवर चढलं असेल, कुणी उतरवायला निघालं असेल,
पुठ्ठा भिजला असेल की नसेल.
गिऱ्हाईक नसलं की चाचा डबी उघडतात,
शिंपला बाजूला सारतात,
आणि मोकळ्या हवेत, नुसत्या बोटांनी,
डावीकडे
काहीतरी फिरवतात.