बर्फाची जाडी

कुओपिओ. फेब्रुवारी. सकाळचे नऊ वाजले तरी
उजेड अजून बाहेरच, बूट झटकत उभा.
पडद्यावर एल्मेरी केत्तुनेन यांचा मेंदू, दोनदा :
डावीकडे पेटल्या रानासारखा लाल-पिवळा,
उजवीकडे निळा, धुऊन पुसून ठेवलेला.
अठरा महिने, महिन्याला एक सलाइन,
मध्ये एकदा मेंदूला थोडी सूज, ती उतरली,
आणि आकडा शहाण्णववरून अकरावर.
डॉक्टर म्हणाले, उत्तर मिळालं.
मी नोंदवलं. नोंदवणं हेच माझं काम.

आउने शेजारी, मांडीवर लोकरीचे हातमोजे.
तिनं चित्र पाहिलं, नवरा पाहिला, पुन्हा चित्र.
"म्हणजे हे बरे झाले?"
"चित्र बरं झालंय," मी म्हणाले,
आणि माझंच वाक्य माशाच्या काट्यासारखं
घशात आडवं राहिलं.

आम्ही शितावरून भाताची परीक्षा करतो, आउने.
भात शिजायला दहा वर्षं लागतात.
कंपनीकडे दोन आहेत.
तुझ्याकडे किती, ते कुणी मोजलेलं नाही.
आणि शीत दर वेळी खोटं नसतं,
रक्तदाबाच्या बाबतीत ते खरं निघालं होतं.
पण एकदा एका औषधानं
हृदयाचे वेडेवाकडे ठोके कागदावर सरळ केले,
कागद सुरेख दिसत होता,
माणसं मात्र जास्त गेली.
(हे मी तिला सांगितलं नाही.
सलाइनच्या खोलीत असलं बोलत नाहीत.)

तिनं सांगितलं ते नाताळचं.
तांदळाच्या खिरीत एक बदाम टाकतात इथे,
ज्याच्या वाटीत येईल त्याचं वर्ष चांगलं.
यंदा तो एल्मेरीला आला.
त्यानं तोंडातून काढला, बशीच्या कडेला ठेवला,
सगळ्यांकडे पाहून काळजीनं विचारलं,
"हा दात कुणाचा?"
नातवंडं हसली. मग तोही हसला.
मग एकटी आउने हसायची थांबली.

दहा शब्द दिले होते लक्षात ठेवायला.
दोन आले : होडी, लोणी.
तिसऱ्याच्या जागी तो म्हणाला, चाळीस.
चाळीस काय?
"सेंटीमीटर. त्याच्या आत गाडी सोडायची नाही."
चाळीस हिवाळे त्यानं कल्लावेसीवरचा
बर्फाचा रस्ता राखला होता. गिरमिटानं भोक पाडायचं,
आकडीची पट्टी खाली सोडायची,
जाडी लिहायची, लाल फडकं काढायचं.
"पण दोन बेटांच्या मध्ये, पोरी,
पाणी खालून चालत असतं.
तिथं पट्टीचं ऐकायचं नाही.
पट्टी भोकापुरतं बोलते."
मग त्यानं मला बहिणीच्या नावानं हाक मारली
आणि विचारलं, गाय दोहून झाली का.

हजारभर माणसांची सरासरी काढली
तर अठरा गुणांच्या पट्टीवर अर्धा गुण वाचतो.
अर्धा गुण म्हणजे काय, आउनेनं विचारलं.
कॉफीची किटली पाण्यावाचून चुलीवर ठेवणं
आठवड्यातून तीनदाऐवजी दोनदा?
का तिचं नाव
मार्चऐवजी जूनमध्ये जाणं?
जून चाललं असतं तिला.
जूनमध्ये होडी पाण्यात असते.

तिनं पुढच्या टप्प्यावर सही केली.
का केली, मी विचारलं नाही.
चित्राची एक प्रत मागितली, घडी घातली,
हातमोज्यात सारली.

खिडकीतून दिसले दोघं, बंदराच्या कडेला.
ती जवळच्या वाटेनं बर्फावर पाऊल टाकणार,
एवढ्यात तो थांबला,
काठीनं बर्फावर दोनदा ठोकलं,
मान कलती करून ऐकलं,
आणि तिचा दंड धरून
लांबच्या वाटेनं वळवलं.

फॉर्मच्या शेवटी 'इतर निरीक्षणे' असतं,
बोटभर जागा. मी लिहिलं :
बर्फाचं ऐकलं. बायकोला वळवलं.

तिसऱ्या दिवशी डेटा विभागाकडून
ओळ परत आली, पिवळी केलेली :
एकक नमूद करावे.