दोन पूर्णांक काहीतरी

भाचा डॅलसजवळच्या कुठल्याशा गावी असतो.
तिथल्या पालिकेत आकडे जुळवतो.
फोनवर म्हणाला, मावशी, आम्ही दरवर्षी दारं वाजवत नाही.
बांधकामाचे परवाने मोजायचे,
रिकामी घरं वजा करायची,
उरलेल्यांना गुणायचं दोन पूर्णांक काहीतरीनं.
झालं गाव.
यंदा चार हजारांनी वाढलो आम्ही,
मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही.

तेव्हा मी नऱ्ह्यात, एका जिन्यात,
चपला हातात घेऊन उभी,
कारण फरशी नुकतीच पुसलेली
आणि पुसणारी म्हणाली होती,
मोजा की, पण वाळू द्या आधी.

दारावर पाटी: कॉट बेसिस. फक्त मुले.
आत कॉट सहा, नावं अकरा.
चौथ्या कॉटवर दिवसा समीउल्ला तांबोळी,
रात्रपाळीहून आलेला,
रात्री दत्तप्रसाद गव्हाणे,
परीक्षेचा तिसरा प्रयत्न.
उशी एक. अभ्रे आपापले.
अकराव्याचं आडनाव कुणालाच माहीत नव्हतं,
त्याची बादली मात्र सगळ्यांनी दाखवली.

नेहमी राहता कुठे? मी विचारलं.
औसा, एक म्हणाला. किनवट, दुसरा.
मग इथे?
इथे राहत नाही बाई, इथे असतो.

सव्वीस वर्षं पाचवीला मराठी शिकवते मी.
असणे आणि राहणे यांत फरक काय,
हा प्रश्न कधी पेपरात घातला नाही.
फॉर्ममध्येही तसा रकाना नाही.
भाचाही असतोच तिकडे, अठरा वर्षं झाली,
अजून घरात कुणी 'राहतो' म्हणत नाही.

समोरचा टॉवर एकोणीस मजल्यांचा.
लिफ्टमधली बाई मजल्याचं नाव इंग्रजीत घेते,
दार उघडतं, समोर कुणी नसतं.
बंद. बंद. बंद.
कुलपांवरचं प्लास्टिकही काढलेलं नाही,
फटीत कुरिअरच्या चिठ्ठ्या, एकीवर एक.
रिकामी घरं वजा करायची, म्हणाला होता.
पण रिकामं आहे हे कळायला
कुणाला तरी येऊन बेल वाजवावी लागते, बाबा,
आणि थोडा वेळ उभं राहावं लागतं.

रॅम्पखाली मात्र भात शिजल्याचा वास.
फुलसिंग नेताम, वॉचमन. बायको सुकवारो.
आणि तिसरी, चार दिवसांची, अजून बिननावाची.

मोजणीचा क्षण ठरलेला असतो: मध्यरात्र.
बाराच्या आत जन्मलं ते धरायचं,
नंतरचं पुढच्या खेपेला.
कधी झाली?
टँकर आला तेव्हा, सुकवारो म्हणाली.
टँकर कधी आला?
ही रडली तेव्हा.

फुलसिंगनं डब्यातून टँकरच्या पावत्या काढल्या,
त्या रात्रीची शोधली,
ओली होऊन वाळलेली.
दहा हजार लिटर स्वच्छ वाचता येत होतं.
वेळेच्या जागी निळा डाग, त्यात एक बारा.
वाजायला किती, की वाजून किती,
तेवढंच पाण्यानं नेलेलं.

उशिरा आलेल्याला वर्गात घ्यायचं
की दाराशी उभं करायचं
हे मला कुणी शिकवायला नको.
मी अकरा पन्नास लिहिलं.
नाव?
फुलसिंगनं बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे.
'बाळ' लिहिलं.

बाहेर पडताना गेटवर टँकर लागलाच होता,
पाइपच्या जोडाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
तरी गळत होता.
ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, मला धरलंत का यादीत?
राहतोस कुठे, मी विचारलं.
तो जरा थांबला.
मग रोजच्या फेऱ्या किती ते सांगू लागला.