कडा

ओगलालात, मर्नाच्या गॅरेजमध्ये
डेल्बर्टच्या क्रूझरचं मागचं टायर भिंतीला टेकलेलं.
मधोमध सपाट, पोळपाटच.
कडांना मात्र साच्यातले रबरी केस
अजून तसेच, जावळ न काढल्यासारखे.

"चौदा हजार मैल," मर्ना म्हणाली,
"आणि एकदाही धड कलला नाहीस."

कलणार कुठे? नेब्रास्काचा रस्ता सरळ,
दोन्हीकडे मका,
एकच वळण, धान्याच्या कोठाराशी,
तिथे तो पाय टेकवतो.

तिने दोन आणून ठेवली.
हे कडक, वीस हजार सहज जाईल.
हे मऊ. वळणावर रस्ता सोडत नाही,
पण नऊ हजार. फार तर दहा.

चष्मा कपाळावर सारून त्याने
तारखेचे चार आकडे वाचले,
मग अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं दोन्हीत,
कणसाचा दाणा पाहावा तसं.
वर्षाला दोन हजार मैल. वय एकाहत्तर.
"कडकवालं दहा वर्षं पुरेल की."
"रबर त्याआधी वाळतं."
कुणाचं, ते त्याने विचारलं नाही.

"मऊ दे."
"आणि वळणं?"
"ब्लॅक हिल्सला आहेत म्हणतात."

मर्नाने पाना उचलला.
"पहिले शंभर मैल जपून.
नवं असतं तेव्हा निसटतं."